ग्रहणाचा दिवस



सूर्यग्रहणावर बोलावयास एखाद्या खगोलशास्त्रज्ञाला किंवा पंचांगकर्त्याला बोलवावयाचे सोडून चालकांनी कामगार संघटनेच्या माणसाला उभे केले, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. माझे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढचे जे काही झाले ते करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर आणि कारखान्यांच्या दारांत. तेव्हा आकाशात काय घडते हे मी तुम्हांला शिकविणार नाही. चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये येतो आणि त्याची सावली आपल्यावर पडते, इतके आपण सारे जाणतो. मला सांगावयाचे आहे ते त्या सावलीखाली उभ्या असलेल्या माणसांविषयी. ग्रहणाच्या दिवशी साधी माणसे काय करीत होती, त्यांनी कोणते बेत केले होते, कोणाची मजुरी बुडाली, कोणाला दान मिळाले आणि कोणाच्या माथी दोष आला, एवढाच माझा विषय आहे.

मी पाहिलेल्या, खरे म्हणजे न पाहिलेल्या, ग्रहणापासून आरंभ करतो.

१६ फेब्रुवारी १९८० हा शनिवार होता. माझे वय नऊ वर्षांचे. आम्ही शाहूपुरीत दोन खोल्यांत राहत होतो. वडील एका फौंड्रीत मोल्डर होते. आई सात महिन्यांची गरोदर होती. दुपारी अडीचच्या सुमारास ग्रहणाचा स्पर्श आणि पाचच्या आत मोक्ष, असे आजीने पंचांगवाल्याकडून ऐकून ठेवले होते. तिने पहाटेच पाण्याच्या घागरीत, पिठाच्या डब्यात आणि लोणच्याच्या बरणीत तुळशीची पाने टाकली. दुपारी खिडकीला गोधडी लावली, आईला आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसविले आणि हालचाल करावयाची नाही, चिरावयाचे नाही, शिवावयाचे नाही, असे तीनतीनदा बजावले. वडील सकाळी कामावर गेले होते ते तासाभरात परत आले. ग्रहणामुळे त्या दिवशी भट्टी पेटणार नव्हती आणि अर्थातच हजेरी भरणार नव्हती. चपला काढता काढता ते म्हणाले, "गिराण सूर्याला लागलं, दान माझ्या पगारातनं गेलं."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कामगारांत वावरू लागल्यावर कळला. त्या दुपारी मात्र मी गोधडीच्या कडेला डोळा लावून बसलो होतो. बाहेर ऊन होते, पण ते कसलेसे पिवळट, थकलेले ऊन होते. पाखरे गप्प झाली होती. आजीने माझा कान धरून मला आत ओढले. त्या गडबडीत माझ्या सदऱ्याचे बटण तुटले. आजी जपाला बसल्यावर मी ते बटण आणि सुईदोरा आईकडे नेला. तिने ते मुकाट्याने लावून दिले आणि दोरा दाताने तोडला. ही गोष्ट मी इथे का सांगतो, ते पुढे येईल.

आता इतिहासाकडे वळू.

आपल्या या मुलखाला ग्रहणाचा मोठा मान मिळाला तो १८ ऑगस्ट १८६८ रोजी. मंगळवार होता, श्रावणातली अमावास्या होती. सुमारे दोनशे किलोमीटर रुंदीचा सावलीचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून चढून कोल्हापूर, जमखंडी, विजापूर, गुंटूर असा मच्छलीपट्टणपर्यंत गेला. सकाळी नऊच्या सुमारास आपल्या या गावावर पाच मिनिटांच्या आसपास रात्र पडली. तेव्हा गादीवर तरुण राजाराम महाराज होते. शाहूपुरी वसलेली नव्हती आणि आगगाडी येण्यास तेवीस वर्षांचा अवकाश होता. पट्टवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लंडनच्या रॉयल सोसायटीतर्फे लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण मांडून बसले होते. हे प्रसिद्ध विल्यम हर्शेल यांचे नातू. पावसाळ्याचे दिवस, ढग काही हटेनात. शेवटी एका फटीतून त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा दिसल्या आणि वर्णपटात तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन ठळक रेषा मिळाल्या. तिकडे गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसतानाही, त्या ज्वाळा पाहण्याची रीत शोधून काढली. वर्णपटातल्या त्या पिवळ्या-नारिंगी रेषेतून पुढे हेलियम या मूलद्रव्याचा पत्ता लागला. पृथ्वीवर ते हाती येण्यास १८९५ साल उजाडले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे दाखवितात आणि नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ साली तेथून हेलियमचा शोध लावला, असे मोठ्या अभिमानाने सांगतात. अभिमान मलाही हवा आहे, पण तो तारखेनिशी असावा. १८६८ साली लॉकियर इंग्लंडात होते. त्यांनी आपले निरीक्षण तेथूनच त्या वर्षीच्या २० ऑक्टोबरला केले. विजयदुर्गला ते आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या वेळी मेल्पोमिनी या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली, इतकेच. यात विजयदुर्गाचे काही उणे होत नाही. मला खटकते ते निराळेच. त्या चौथऱ्यांना नाव साहेबाचे मिळाले. दगड वाहणाऱ्याचे आणि चुना मळणाऱ्याचे मिळाले नाही.

१८९८ च्या त्या ग्रहणाच्या दिवशी महाराष्ट्राची स्थिती काय होती, ते डोळ्यांपुढे आणा. आदल्या वर्षीचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि प्लेग सरला नव्हता. रँडचा वध होऊन सात महिने झाले होते. दामोदर चाफेकर कोठडीत होते. आकाशातल्या गणिताचे मोठे अभ्यासक आणि 'ओरायन' या ग्रंथाचे कर्ते लोकमान्य टिळक हेही तुरुंगातच होते. त्या भर दुपारी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे लावून उभे होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळीही त्याच गावी उतरली होती. आकाश निरभ्र होते. सुमारे दोन मिनिटांची ती काळोखी साऱ्यांनी डोळे भरून पाहिली. जेऊरच्या शेतकऱ्याला मात्र गेल्या दोन वर्षांत एवढे अंधार पाहावयास मिळाले होते की दोन मिनिटांचा आणखी एक त्याला किती मोठा वाटला असेल, याचा तुम्हीच विचार करा.

ग्रहणाच्या इतिहासात शास्त्रज्ञ जागे होते आणि जनता अज्ञानात झोपली होती, असे आपण सरसकट सांगतो. ते अर्धेच खरे आहे. ग्रहण कशाने होते हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचून ग्रहणाचे गणित इतके सोपे केले की त्यावर गावोगावचे जोशी पुढे शतकानुशतके चालले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास पाश्चात्त्य कोष्टकांचा आधार घेऊन पंचांग अधिक शुद्ध केले. म्हणजे आपल्या लोकांना ग्रहण अवचित कधीच गाठत नव्हते. स्पर्श केव्हा, मध्य केव्हा, मोक्ष केव्हा, हे खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक असे. हे आपल्याइकडचेच वैशिष्ट्य नव्हे. १८६८ च्याच ग्रहणाचे गणित सयामच्या मोंगकुट राजाने स्वतः केले, परदेशी पाहुण्यांना ते पाहावयास दलदलीच्या किनाऱ्यावर बोलावले आणि तेथे जडलेल्या हिवतापाने तो १ ऑक्टोबरला वारला.

तेव्हा प्रश्न ज्ञान नसण्याचा नव्हता. ज्या पानावर घटका-पळांचे अचूक गणित छापलेले असे, त्याच पानावर कोणत्या राशीला अनिष्ट आणि कोणी काय पाळावे हेही छापलेले असे. गणित जोशाच्या हाती राही आणि पाळणे घरच्या बायकांच्या वाट्याला येई. गंमत अशी की शास्त्र पुष्कळदा रूढीपेक्षा सौम्य असते. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात. पण मुले, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना शास्त्रकारांनीच सवलत दिलेली आहे. ही सवलत गल्लीपर्यंत क्वचितच पोहोचे.

आता मी माझ्या धंद्याच्या अंगाने एक गोष्ट मांडतो, कारण ती ग्रंथांत फारशी आढळत नाही. सूर्यग्रहण नेहमी अमावास्येलाच होते. आणि आपल्याकडे अमावास्या हा कष्टकऱ्यांच्या विश्रांतीचा दिवस होता. शेतकरी अमावास्येला औत धरीत नाही. गवंडी त्या दिवशी थापी हाती घेत नाही. आजही पश्चिम महाराष्ट्रात बांधकामावरची सुट्टी पुष्कळ ठिकाणी अमावास्येलाच असते. बाजार समित्यांत हमाल-मापाडी अमावास्येला काम करीत नसत म्हणून सौदे बंद राहत. लासलगावच्या कांदा बाजारातली अशी कित्येक दशकांची प्रथा अगदी अलीकडे मोडली. शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली ही आपली शाहूपुरी गुळाच्या व्यापारावर वाढली. गुळाचे रवे पाठीवर वाहणाऱ्या माणसाला अमावास्या काय वाटत असेल, ते त्याच्या पाठीला विचारावे.

म्हणजे जुन्या काळी ग्रहण कष्टकऱ्याच्या कामात येऊन पडत नसे. ते त्याच्या सुट्टीत येऊन पडे. औत थांबलेले असे, चाक थांबलेले असे. ग्रहण सुटेपर्यंत घरात बसणे, मग पंचगंगेवर किंवा विहिरीवर आंघोळ करून ताजे रांधून खाणे, यात मजुरीचा प्रश्नच नव्हता. गिरण्या आल्या आणि हे पंचांग मोडले. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. सणावारी मिळेल तीच विश्रांती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून खटपट केली तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवार मिळाला. तो मोठा विजय होता. आज तुम्ही-आम्ही सुट्टीच्या दिवशी व्याख्याने ऐकतो ती त्याच विजयाची फळे. पण त्या दिवसापासून कामगार चंद्राच्या पंचांगातून मस्टरच्या पंचांगात आला. मस्टरमध्ये अमावास्या नाही. तेव्हापासून ग्रहण पाळावयाचे तर खाडा पडू लागला. १९०६ साली महाराजांनी पाया घातलेल्या आपल्या शाहू मिलचा भोंगा ज्यांच्या कानांत बसला होता त्या पिढीला हे सांगावयास नको. मालकाने बंद ठेवले तर रोज बुडे आणि कामगाराने पाळले तरी रोज बुडे. माझ्या वडिलांचे ते वाक्य याचेच होते.

दानाची गोष्ट अशीच उलटी आहे. ग्रहण लागले की गल्लीतून एक आरोळी येत असे, "दे दान, सुटे गिराण!" तुमच्यापैकी पिकल्या केसांच्या मंडळींनी ती ऐकली असेल. महार, मांग वस्तीतली माणसे टोपली किंवा फडके घेऊन दारोदार फिरत. घरातली बाई वरून पसाभर जोंधळे, जुने लुगडे, एखादे नाणे टाकी. लोकसमजूत अशी की सूर्य-चंद्रांनी पूर्वी मांगाचे कर्ज घेतले होते आणि ते वसूल करावयास तो आकाशात त्यांना अडवितो. म्हणून त्याच्या भाऊबंदांना दान दिले की ग्रहण सुटते. श्रोतेहो, ही कथा नीट ऐका. या कथेत कर्जदार सूर्य आहे आणि सावकार मांग आहे. आणि रस्त्यावर काय दिसे? सावकार हात पसरून उंबऱ्याच्या बाहेर उभा आणि कर्जदाराचे वकील उंबऱ्याच्या आत, शिवाशीव होऊ नये म्हणून लांबून धान्य टाकणारे! जगातल्या कोणत्याही पतपेढीत असा व्यवहार झाला नसेल.

१९८० च्या त्या दुपारीही आमच्या गल्लीत ती आरोळी आली होती. एकट्याच एका म्हाताऱ्याचा आवाज होता. आजीने गोधडी किंचित बाजूला करून पसाभर जोंधळे बाहेर टाकले. मी फटीतून पाहिले. तो माझ्या वर्गातल्या मित्राचा आजोबा होता. सोमवारी शाळेत तो मित्र माझ्याशेजारी बसला नाही. मी त्याला काही बोललो नव्हतो. पण मी पाहिले आहे, हे त्याला समजले होते. आम्ही दोघेही नऊ वर्षांचे होतो आणि दोघांनाही लाज वाटत होती. त्याची लाज त्याची नव्हती आणि माझी मात्र माझ्या घरची होती.

पुढच्या ग्रहणांत, २४ ऑक्टोबर १९९५ ला ऐन दिवाळीत ग्रहण आले तेव्हा किंवा ११ ऑगस्ट १९९९ च्या ढगाळ संध्याकाळी, ती आरोळी माझ्या कानी आली नाही. ती कशाने बंद पडली? दुर्बिणीने नव्हे. लोकांना चंद्राची सावली समजली म्हणून ती थांबली नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द केली. मार्च १९२० मध्ये याच जिल्ह्यात माणगावला परिषद भरली आणि तेथे महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना पुढारी म्हणून साऱ्यांपुढे उभे केले. तेव्हापासून गावकीची हलकी कामे आणि मागण्याची चाल सोडावयाची, हा निश्चय वस्तीवस्तीतून पसरत गेला. १९५६ च्या धर्मांतराने तो अनेकांच्या बाबतीत कायमचा झाला. मागणाऱ्यांनी मागणे सोडले म्हणून ती आरोळी बंद झाली. देणाऱ्यांना शहाणपण सुचले म्हणून नव्हे. कोणतीही रूढी अज्ञान गेले की आपोआप जाते, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ती संघटित माणसांनी घालवावी लागते.

१९८० सालचे बाकीचे चित्रही पाहण्यासारखे आहे. खग्रास पट्टा कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून रायचूरकडे गेला. म्हणजे कोल्हापूरहून एका रात्रीच्या एस.टी. प्रवासावर. देशोदेशीचे शास्त्रज्ञ त्या पट्ट्यात उतरले. इकडे मुंबईत भारत-इंग्लंड यांचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना चालू होता. प्रेक्षकांनी भलतीकडे पाहून डोळे गमावू नयेत म्हणून ग्रहणाच्याच दिवशी, म्हणजे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, खेळाडूंना विश्रांती दिली. दूरदर्शनने लोकांनी घरात राहावे म्हणून दुपारी 'चुपके चुपके' हा चित्रपट दाखविला. मुंबईचे रस्ते ओस पडले. आमच्या गल्लीत तेव्हा दूरचित्रवाणीचा एकही संच नव्हता. आम्ही ओस पडण्याचे काम चित्रपटाविनाच केले. माझ्या आजीची गोधडी आणि दूरदर्शनचा चित्रपट यांत मला फार अंतर दिसत नाही. पाहू नका, एवढेच दोघांनी सांगितले. कसे पाहावे, हे शिकविणारे थोडे होते.

अर्थात "पाहू नका" यात तथ्याचा अंश आहे, तोही सांगतो. झाकत चाललेल्या सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर डोळ्याचा पडदा भाजतो आणि भाजताना दुखत नाही. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, हळदीचे पाणी यांनी तो वाचत नाही. आपल्या उद्यमनगरातल्या वेल्डर बंधूंना वाटते की आपली काच पुरेल. पण नेहमीच्या कामाची काच पुरत नाही, चौदा नंबरचीच लागते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडावे आणि जमिनीवर पडलेली सूर्याची कोर पाहावी.

आता बटणाची गोष्ट. त्या वर्षी एप्रिलमध्ये मला बहीण झाली. सुदृढ होती, फक्त तिच्या डाव्या कानाची पाळी जन्मतः दुमडलेली होती. आजीने विचारपूस सुरू केली. ग्रहणात काय केलेस? काही चिरलेस का? शिवलेस का? आईने दोरा तोडल्याचे कबूल केले. बटण कोणाचे होते, हे तिने सांगितले नाही आणि मीही सांगितले नाही. पुढली तीस वर्षे बहिणीच्या कानाचा विषय निघाला की आई खाली पाहत असे. बहिणीला त्या कानाने उत्तम ऐकू येते, तिचे लग्न झाले, तिला मुले झाली. तरी आईची मान त्या विषयापुरती वर आली नाही. १५ जानेवारी २०१० च्या दुपारी ग्रहण होते. मी सुरक्षित चष्मा आणून आईला अंगणात उभे केले. तिने बराच वेळ पाहिले. कानाची पाळी, दुभंगलेला ओठ यांची कारणे आनुवंशिक असतात, काही आईच्या पोषणाशी जोडलेली असतात आणि त्यांचा सावलीशी काही संबंध नाही, हे मी तिला सांगितले. बटण माझे होते, हेही त्या दिवशी मोठ्याने बोललो. ती म्हणाली, "ह्ये तुझ्या आजीला तवा सांगायला पायजे हुतं." मला यावर आजही उत्तर नाही.

म्हणून २६ डिसेंबर २०१९ ला मी सावध होतो, असे तुम्हांला वाटेल. नव्हतो. गुरुवार होता; सकाळी आठनंतर लागून अकराच्या आत सुटणारे ग्रहण. शिरोलीच्या बाजूच्या एका कारखान्यात कोअर शॉपमध्ये ठेकेदाराकडच्या पंधरा-वीस स्त्रिया काम करीत. त्यांनी मला सांगितले की त्या दिवशी अकराला येऊ द्या. ठेकेदार म्हणाला, येणार नसाल तर खाडा. त्यांच्यात एक पाच महिन्यांची गरोदर होती. मी माझे सारे वाचन एकवटून तिला म्हणालो, "ताई, काही होत नाही ग्रहणाने. खुशाल ये." ती म्हणाली, "दादा, मला काय कळत न्हाई व्हय? पण उद्या पोराला कायबी झालं, तर गिराणाला कोण बोल लावणार न्हाई. मला लावत्याल."

श्रोतेहो, ग्रहणाच्या इतिहासावरची मी वाचलेली सारी पुस्तके त्या एका वाक्यापुढे मला अपुरी वाटली. ती बाई आकाशाला भीत नव्हती. ती माणसांना भीत होती आणि तिची भीती खरी होती. माझ्या घरातच तिचा पुरावा होता. आपण बुद्धिवादी लोक बाईला सांगतो, घाबरू नकोस. सांगावयाचे असते ते तिच्या सासूला, नवऱ्याला, शेजारणीला आणि मुकादमाला, की हिला बोल लावू नका. ते कठीण असते, म्हणून आपण सोपे ते करतो. त्याच दिवशी कलबुर्गीजवळ काही आईबापांनी आपल्या अपंग मुलांना, बरी होतील या आशेने, ग्रहणकाळात गळ्यापर्यंत मातीत उभे पुरल्याच्या बातम्या आल्या. त्या आईबापांना हसण्यापूर्वी मी विचारतो, त्या मुलांच्या उपचारासाठी दवाखाना किती कोसांवर होता आणि त्यांच्या खिशात काय होते?

आम्ही शेवटी असे ठरविले. कोणी येऊ नये अशी सक्ती नाही आणि यावेच अशीही नाही. ज्यांना अकराला यावयाचे त्यांनी अकराला यावे, तेवढे तास संध्याकाळी भरावेत आणि कोणाचाही खाडा लागू नये. ठेकेदाराने दोन दिवस खळखळ केली आणि मग मानले. त्या सकाळी मी कारखान्याच्या शेडमध्ये होतो. आकाश मधूनमधून उघडत होते. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोके होती. ऊन पडले की त्यांतून जमिनीवर एरवी गोल कवडसे पडत. त्या दिवशी प्रत्येक कवडसा कोरीच्या आकाराचा झाला होता. फरशीवर वीसेक चंद्रकोरी पसरल्या होत्या. मोल्डिंगवरची पोरे काम थांबवून पाहत राहिली. मुकादमही पाहत राहिला. ती पाच-सात मिनिटे कोणीच हिशेबात धरली नाहीत.

त्या बाईला मुलगा झाला, तो सुखरूप आहे. मी हे ग्रहण खोटे असल्याचा पुरावा म्हणून सांगत नाही. मूल सुखरूप नसते तरी दोष ग्रहणाचा नसता आणि तिचाही नसता. आपले म्हणणे पटविण्यासाठी कोणाच्या मुलाच्या तब्येतीवर पैज लावावयाची नसते.

याच गावात १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. कामगारांच्या आणि मोलकरणींच्या प्रश्नांत ज्यांच्याकडे आम्ही जात असू, त्यांच्यावरच्या हल्ल्याची तारीख माझ्या लहानपणच्या त्या ग्रहणाचीच आहे. कोणी मला हे दाखवून अर्थ विचारतो. मी सांगतो, ग्रहण हे गणित आहे आणि ही तारीख योगायोग आहे. योगायोगात अर्थ शोधू लागलो तर आपण पुन्हा गोधडीमागे जाऊ. गोळ्या मात्र योगायोगाने सुटल्या नाहीत.

शेवटी आपल्याच गावाची एक गोष्ट. दरवर्षी नोव्हेंबरच्या ९, १०, ११ या तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. त्या संध्याकाळी गावातले शेकडो लोक श्वास रोखून पाहतात, किरण चरणांवर आले, कमरेपर्यंत आले, मुखावर आले. कोणत्या इमारतीचा कोपरा आड येतो, हवेत धूळ किती, आर्द्रता किती, याची चर्चा चहाच्या टपरीवर चालते. सूर्याची तिरीप बोटाबोटाने मोजणारे हे गाव आहे. ज्या डोळ्यांनी आपण किरणोत्सव पाहतो, त्याच डोळ्यांनी, योग्य काच लावून, ग्रहण का पाहू नये? श्रद्धा असेल त्याने नंतर पंचगंगेत आंघोळ करावी. त्याला माझी हरकत नाही. पाणी तेवढे स्वच्छ असावे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी संध्याकाळी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. श्रावणाच्या तोंडचे ढग आड आले नाहीत तर मावळतीच्या बाजूला ते दिसेल. तो सोमवार आहे, कामाचा वार. कारखानदार बंधूंना माझी विनंती आहे की त्या दिवशी दहा मिनिटे यंत्रे थांबवून कामगारांना अंगणात उभे करावे आणि ती दहा मिनिटे पगारातून कापू नयेत. शिक्षकांनी पुठ्ठा आणि टाचणी काढावी. आणि ज्या घरात कोणी गरोदर असेल, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला पोटभर जेवू घालावे, तिला बाहेर यावयाचे असेल तर हाताला धरून आणावे, यावयाचे नसेल तर निवांत बसू द्यावे. आणि पुढे काहीही झाले तरी त्या दिवशी तू काय केलेस, असे तिला कधीही विचारू नये.

माझी आई ते ग्रहण पाहावयास नाही. बहीण आहे. तिला मी चष्मा आणून देणार आहे.